काजव्यांच्या मुलखात, मोटारसायकलवर

आमच्या घरात प्रवास नेहमी कशाला तरी जोडलेला असतो. ऑक्टोबरात नागपूर, सहा डिसेंबरला दादर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. त्याखेरीज लग्नकार्ये, दुःखद प्रसंग आणि नोकरीच्या परीक्षेला मुलाला सोडायला जाणे. या सर्व प्रवासांविषयी आमची काही तक्रार नाही. पण नुसते पाहण्यासाठी, डोंगर आणि झाडे पाहण्यासाठी म्हणून, आम्ही उभयता लग्नानंतरच्या एकवीस वर्षांत कोठेही गेलो नव्हतो.

ही गोष्ट प्रथम आमच्या आयुष्मतींनीच काढली. त्यांनी कोठेतरी चित्र पाहिले होते: एक जोडपे मोटारसायकलवर तंबू बांधून राष्ट्रीय उद्यानात निघाले आहे. "अहो, आपल्याकडे गाडी आहे. तंबू पोराकडे आहे. मग अडलंय कुठं?" अडले होते ते नियमात. चौकशी केली तेव्हा कळले की आपल्या राज्यात ताडोबा हे सर्वात जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. परंतु तेथे दुचाकी आत सोडत नाहीत, तंबू ठोकणे तर दूरच. वाघाच्या घरात स्प्लेंडर नेऊ देत नाहीत हे योग्यच आहे, असे आमचे मत आहे.

मग जवळचे काय? कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, पण ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे, सकाळी जाऊन दुपारी परत यावे इतके. उरले ते अकोले तालुक्यातील कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटर पसरले आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत फरक आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क उरत नाहीत. अभयारण्यात गावे राहू शकतात, गुरे चरू शकतात, त्यातून रस्ताही जातो. म्हणजे तेथे जाणारा पाहुणा रिकाम्या जंगलात जात नाही. तो कोणाच्या तरी दारातून जातो.

आम्हांला तेथे जाण्याचे आणखी एक कारण होते. आम्ही ज्या कचेरीत लिपिक आहोत तेथे उन्हाळ्यात टंचाईच्या फायली फिरतात. आवक नोंदवहीत अकोल्याकडील वाड्यांची नावे आम्ही कित्येक वर्षे आमच्या हाताने लिहीत आलो. अनुक्रमांक, गाव, लोकसंख्या, टँकरच्या खेपा. अक्षर आमचे चांगले आहे. पण ती वाडी दिसते कशी, तेथे माणसे राहतात कशी, हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

यंदाच्या मे महिन्याच्या अखेरीस शुक्रवारची एक किरकोळ रजा टाकली. शेजाऱ्यांनी विचारले, "या वयात? आणि मोटारसायकलवर? एसटी बंद पडली का?" आयुष्मतींनी हसून वेळ मारून नेली. पहाटे साडेचारला निघालो. गाडीच्या मागच्या कॅरेजवर मुलाचा तंबू आणि दोन चादरी, दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटरचे दोन रिकामे कॅन, पुढे टाकीवरच्या पिशवीत क्लच वायर, एक जादा ट्यूब, पाने, विजेरी, पोहे, शेंगदाण्याची चटणी. बसायला जागा उरली ती दोघांना पुरेल इतकीच. सांगायला हरकत नाही, लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर इतके जवळ बसून इतका लांबचा प्रवास आम्ही पहिल्यांदाच केला.

जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे. नगर, राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. राहुरीला मुळा ओलांडली, कोल्हारला प्रवरा. दोन्ही पुलांखाली बहुतेक वाळू आणि खडक. मात्र रस्त्याच्या कडेने उसाची शेते हिरवीगार होती. लोणी–प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि त्यानंतर हा सारा पट्टा कसा बदलला, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. नदीत पाणी नाही आणि शेतात आहे, याचे उत्तर कालव्यात होते. आणि कालव्याचे उत्तर आम्ही जिकडे चाललो होतो त्या डोंगरात.

संगमनेरला मिसळ खाल्ली. अकोल्यानंतर विठा घाटात हवा पालटली. राजूरला बाजारात उतरून कॅन भरून घेतले आणि राजूरचे पेढे घेतले, कारण राजूरहून पेढे न घेता पुढे जाणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत.

रंधा धबधबा मे महिन्यात कोरडा असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात तो गर्जत होता. धरणातून उन्हाळी आवर्तन सुटले होते. प्रवरेचे पाणी दीडशे फुटांहून अधिक खाली कोसळत होते आणि वर आकाश निरभ्र, रणरणते ऊन. आयुष्मती कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे माहेर पाथर्डी तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या आईने खडी फोडली, आणि त्या स्वतः शाळेत जाण्याआधी दोन मैलांवरून पाणी आणून मग दप्तर घेत. "एवढं पाणी एकदम मी पावसाळ्याशिवाय कधी पाहिलं नाही," एवढेच त्या बोलल्या.

भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्यावेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. आकडा आम्हांला पाठ आहे, नगर जिल्ह्यात पावसाळ्यात हा आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा लोक एकमेकांना विचारतात. हे पाणी पुढे निळवंड्यात थांबते, मग कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे. निळवंड्याच्या डाव्या कालव्यासाठी दुष्काळी गावांनी दोन-तीन पिढ्या वाट पाहिली. त्याचे उद्घाटन २०२३ च्या ऑक्टोबरात झाले. म्हणजे खालच्यांची तहान खोटी आहे असे कोणी समजू नये. आमचीही नाही. नगर शहराच्या नळाला येणारे पाणी मुळा धरणाचे, आणि मुळा नदी निघते ती रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्यामधल्या याच डोंगरांतून. प्रवरा रतनगडावरून. दोघी बहिणी एकाच घरच्या.

अभयारण्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडली. नाक्यावरच्या मुलाने आमचे सामान तपासले, प्लास्टिक मोजले, दारू आहे का विचारले. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी निघाली. तो हसला आणि म्हणाला, "काका, जंगलात चूल पेटवू नका फक्त. गवत वाळलंय."

मुक्काम आम्ही आधीच ठरवला होता. जलाशयाच्या काठाला तंबूंच्या रांगाच्या रांगा लागतात, तेथे जायचे नव्हते. ओळखीच्या एका कार्यकर्त्याने एका महादेव कोळी कुटुंबाचे घर सुचवले होते. त्या वाडीचे नाव येथे लिहीत नाही. हा लेख वाचून उद्या पन्नास गाड्या तेथे उभ्या राहिल्या तर मावशी आम्हांला काय म्हणतील?

मावशींचे घर कुडाचे, वर कौले. अंगण शेणाने सारवलेले. त्यांनी अंगणाच्या कडेला, गोठ्यापासून जरा दूर, तंबूला जागा दाखवली. "आत ओटीवर निजा की. भाईर कशापायी?" त्यांना ते काही केल्या पटेना. धडधाकट घर असताना माणसे कापडाच्या खोपीत निजायला दीडशे किलोमीटर येतात, याचे त्यांना नवल वाटत होते. मामा मात्र तंबूच्या काड्या लावताना अगदी बारकाईने पाहत होते. अखेरीस त्यांनीच दोन खुंट्या नीट तिरप्या ठोकून दिल्या. आमच्या सरळ होत्या, वाऱ्याने उपटल्या असत्या.

अंगणात नळाची तोटी उभी होती. तिच्या गळ्याला चिंधी बांधलेली होती. आयुष्मतींनी विचारले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ती हाये ना, कधीमधी येतं." पुढे काही बोलल्या नाहीत.

रात्री नागलीची भाकरी, हुलग्याचे पिठले आणि लसणाची चटणी. बिब्ब्यासारख्या काळ्या आभाळात इतक्या चांदण्या होत्या की आम्ही दोघे तंबूच्या बाहेर डोके काढून आडवे झालो. शहरात आपण चांदण्या पाहत नाही, त्या आहेत हे आठवतो फक्त. एरवी आमच्या बोलण्यात मुलाची नोकरी, हप्ता, शाखेची बैठक, सासूबाईंचे गुडघे. त्या रात्री बरेच वेळ यांपैकी काहीच निघाले नाही.

पहाटे तीनला जाग आली तेव्हा शेजारची चादर रिकामी होती. आयुष्मती मावशींबरोबर झिऱ्यावर गेल्या होत्या. पावणेसहाला परतल्या, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि चेहरा असा की आम्ही गप्प बसलो. नंतर त्यांनी सांगितले ते असे. वाडीखाली ओढ्याच्या अंगाला कातळात एक खळगा आहे. त्यात पाझर येतो. खाली उतरून वाटीने पाणी भरायचे. एक हंडा भरायला वीस मिनिटे लागतात, म्हणून बाया रात्रीच नंबर लावतात. "माझ्या आईच्या वेळी असंच होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं ते संपलं."

आम्ही बी.कॉम. झालेलो असल्यामुळे आमचे मन लगेच आकड्यांकडे धावते. नगर शहरात वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघर–रतनवाडीकडे चार-पाच हजार. घाटघरला तर लोक जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. आमच्या दहापट पाऊस, आणि मे महिन्यात वाटीने पाणी! कारण असे की येथे काळ्या पाषाणावर मातीचा पापुद्रा पातळ, उतार तीव्र. पाऊस चार महिने कोसळतो आणि वाहून जातो. तो खाली धरणात साठतो. वाडी वर राहते. धरण डोळ्यांसमोर आहे, पण दोन-तीनशे फूट खोल आणि उन्हाळ्यात काठापासून अर्धा मैल चिखलापलीकडे. शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यातल्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. मामांचे आजोबा खाली नदीकाठी भात पिकवत, असे त्यांच्या घरात सांगतात.

शनिवारी सामान मावशींकडे ठेवून जलाशयाभोवती फेरी मारली. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, पण आमची गाडी अशा रस्त्यासाठीच जन्मली आहे. उजव्या हाताला कळसूबाई दिसत राहते, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर. चढलो नाही. आमच्या गुडघ्यांनी त्या दिवशी परवानगी दिली नाही, आणि खालून ते शिखर काही वाईट दिसत नाही. शेतांत राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते. करवंदे पिकली होती, जांभळे नुकती धरू लागली होती. मुले द्रोणात करवंदे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. दहा रुपयांना एक द्रोण. आम्ही चार घेतले आणि तिघांना परत वाटले.

घाटघरच्या कड्यावरून कोकण दिसते. तेथे २००८ पासून २५० मेगावॅटचे वीज केंद्र चालते. वर एक धरण, खाली शहापूरच्या बाजूला दुसरे. विजेची मागणी असेल तेव्हा पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडतात, मागणी कमी झाली की पुन्हा तेवढेच वर चढवतात. इंजिनिअरांचे कौतुक करावे तेवढे थोडे. आयुष्मतींनी माहितीचा फलक पूर्ण वाचला आणि विचारले, "चारशे मीटर वर चढतं? मग मावशींच्या वाडीला किती मीटर हवं?" आम्ही अंदाजाने शंभर म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही, आणि आम्हांला ते विचारण्याहून जड गेले.

साम्रदला सांदण दरी तोंडाशी जाऊन पाहिली. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये माणसे एकामागे एक जातील एवढीच वाट. गावातली मुले हेल्मेट-दोर घेऊन वाटाडे म्हणून काम करतात, चांगली चटपटीत आहेत. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ पाहिले, कोरीव काम अप्रतिम आहे. परतताना मामांनी सांगितलेली एक गोष्ट मनात होती: देवगाव येथून जवळच. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे त्या गावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ज्या मुलखात एवढी माणसे घडली, त्या मुलखाला शहरातला माणूस आता केवळ 'स्पॉट' म्हणतो.

संध्याकाळपासून गाड्या येऊ लागल्या. मुंबई, नाशिक, पुणे, सर्व पासिंग. शेजारच्या वावरात बाहेरच्या एका कंत्राटदाराने तंबूंचा तळ टाकला होता. त्या रात्री तेथे साठ माणसे असावीत. माणशी हजार-बाराशे रुपये, दोन जेवणे, चहा, नाश्ता. वाडीला त्यातून काय मिळते, ते मामांनी सांगितले: दोन पोरांना रात्रीचा रोज आणि तीन बायांना भाकरी भाजण्याचे पैसे. वावर ज्याचे त्याला भाडे. काही घरांनी आता स्वतःचे तंबू घेतले आहेत, स्वतः रांधतात, तेथे पैसा घरात राहतो. अशी घरे विचारून शोधावी लागतात. पण सापडतात.

आता काजव्यांविषयी.

अंधार पडल्यावर मामा आम्हांला वाडीमागच्या रानात घेऊन गेले. विजेरीच्या काचेवर आयुष्मतींनी लाल जिलेटिनचा कागद रबराने बसवला होता; पांढऱ्या उजेडाने काजवे बिथरतात, हे त्यांना मुलाने सांगितले होते. पहिल्यांदा एक दिसला, मग चार. मग एका हिरड्याच्या झाडावर एकदम सगळे पेटले आणि एकदम विझले. पुन्हा पेटले. शेजारच्या सादड्याने उचलले, मग पलीकडच्या आंब्याने. हजारो किडे एका तालात. संपूर्ण झाड श्वास घेते आहे असे वाटत होते. आवाज काही नाही. पावसाआधीचे थोडेच दिवस हे चालते. वर्षातले बहुतेक महिने हा जीव अळी होऊन जमिनीत, पाल्याखाली गोगलगायी खात काढतो. पंख फुटले की काही दिवसांचे आयुष्य. नर लुकलुकत हिंडतो, मादी झुडपात बसून उत्तर देते. त्या उत्तरासाठीच हा सारा खटाटोप. ते एकमेकांना दिसले नाहीत, तर पुढच्या वर्षीचा हिशेब तेथेच संपतो.

म्हणूनच गाडीचे दिवे हा प्रश्न गंमतीचा नाही. वाडीच्या पोरांनी ठरवले होते की गाड्या अलीकडे मैदानात लावायच्या आणि पुढे चालत यायचे. साडेनऊच्या सुमारास एक मोठी गाडी मोठे दिवे लावून आत शिरली. झाड विझले ते पेटेचना. दोन पोरे आडवी झाली. गाडीतला गृहस्थ म्हणाला, "पैसे भरलेत आम्ही." पोरगा वीस वर्षांचा असेल, तो म्हणाला, "सायेब, पैसे आम्हाला भरलेत. त्यांना न्हाई भरले," आणि झाडाकडे बोट केले. गृहस्थांनी दिवे बंद केले. त्यांच्या गाडीतून एक लहान मुलगी उतरली आणि अंधारात "आई, आई" करीत झाडाखाली जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांनी झाड पुन्हा पेटले. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले होते.

तळावर मात्र बारापर्यंत गाणी चालली. पोरांनी जाऊन बंद करवली.

रविवारी पहाटे आणखी एक प्रकार झाला. तळाचे पाणी पिकअपमधल्या टाकीतून आले होते, ते रात्रीतच संपले. साठ माणसे, एकेक बादली म्हटली तरी नऊशे लिटर. तळावरची दोन मुले मावशींच्या दाराशी आली, चहापुरते पाणी मागायला. मावशींनी रात्री आणलेल्या हंड्यांपैकी एक उचलून त्यांना दिला. आयुष्मतींना राहवले नाही. "मावशी, तुम्ही तीन वाजता उठून आणलेलं." मावशी म्हणाल्या, "पाव्हण्याला च्याला पानी न्हाई म्हणू का?"

आयुष्मती तडक तळावर गेल्या. आम्हांला वाटले भांडण होणार. आम्ही चप्पल शोधू लागलो. पण त्या भांडल्या नाहीत. कॉलेजच्या वयाच्या पाच मुली दात घाशीत उभ्या होत्या, त्यांना म्हणाल्या, "चला ग, पाणी कुठून येतं ते दाखवते. हंडा घ्या एकेक." मुलींना ती सहलीतली मौज वाटली, त्या निघाल्या. दोन तासांनी परतल्या तेव्हा कोणी हसत नव्हते. एकीने हंडा डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला होता, तिचा कुर्ता ओला आणि मान आखडलेली. त्या सर्वांनी मिळून तीन हंडे आणले होते.

एक हंडा बारा लिटरचा धरला, तर नऊशे लिटरचे पंचाहत्तर हंडे. वीस मिनिटांना एक, म्हणजे पंचवीस तास. आम्ही हा हिशेब खिशातल्या डायरीत केला आणि त्यातल्या एका मुलीने तो पाहून त्याचा फोटो काढून घेतला. निघण्यापूर्वी त्या मावशींकडे आल्या आणि आपल्याकडच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या ओट्यावर ठेवून गेल्या. अकरा होत्या. मावशींनी बाटल्या ओळीने फळीवर लावल्या, बियाण्याच्या गाडग्यांशेजारी. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाण्यांच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री मिळाला. त्याआधीही येथल्या घराघरांत बियाणे राखेत घालून असेच जपत आले आहेत.

जे वाचक जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी एवढे सांगतो. आमच्या खर्चात पेट्रोल सात लिटर, म्हणजे साडेसातशेच्या आत. मावशींनी दोन दिवसांच्या जेवणाचे जे मागितले ते आम्ही सांगणार नाही, इतके कमी होते. आम्ही तळावरचा भाव धरून दिले आणि घेताना त्या रागावल्या. पाणी राजूरलाच भरून न्यावे, दहा लिटर माणशी, आणि दोन दिवस आंघोळीचा हट्ट धरू नये. अंग ओल्या फडक्याने पुसून भागते. कचरा परत आणावा. आमचा घरी आणून तोलला तर पाऊण किलो भरला. तंबू झाडाखाली ठोकू नये, आणि खुंट्या तिरप्या माराव्या.

परतीच्या वाटेवर रंध्याशी गाडी उभी केली नाही. आवर्तन चालूच होते. अकोल्यापर्यंत नदी रस्त्याच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला भरून वाहत होती आणि आयुष्मती मागून मध्येच आमच्या खांद्यावर हात ठेवून ती दाखवीत होत्या. संगमनेरच्या पुढे चाक पंक्चर झाले, ट्यूब बदलायला तासभर गेला. घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

सोमवारी कचेरीत टंचाईची फाईल टेबलावर होती. मावशींच्या वाडीचे नाव यादीत नव्हते. कारण शोधले: कागदोपत्री तेथे नळयोजना आहे, आणि नळ आहे तेथे टँकर देय होत नाही. ग्रामसभेचा ठराव, पाणी येत नसल्याचा पंचनामा आणि झिऱ्याची पाहणी, एवढे कागद लागतात. मामांना फोनवर मसुदा सांगितला. तळावर रात्री आडव्या झालेल्या त्याच पोराने तो लिहून घेतला, सरपंचांची सही घेतली आणि राजूरहून पाठवला. बारा दिवसांनी प्रस्ताव आमच्याच नोंदवहीत आला. आवक क्रमांक आम्ही लिहिला, नेहमीपेक्षा जरा ठळक.

टँकर मंजूर व्हायच्या आतच पाऊस आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मावशींचा फोन आला. मागे कौलांवर पावसाचा एवढा आवाज होता की निम्मे ऐकू येत नव्हते. झिरा भरला म्हणाल्या, काजवे गेले म्हणाल्या. मग आयुष्मतींना विचारले, "आवणीला येता का? पर ती खोप आणू नका, पावसात टिकायची न्हाई. ओटीवर निजा."

मंजुरी न मिळालेल्या प्रस्तावाची मुदत ३० जूनला संपते. तो पुढच्या उन्हाळ्याच्या आराखड्यात, ऑक्टोबरातच, घालायचा आहे. त्यासाठी मामांची नव्या ठरावावर सही लागेल. आवणी जुलैच्या मध्याला. आयुष्मतींनी रेनकोट शोधून काढले आहेत आणि एकाचे बटण तुटले आहे ते लावायला घेतले आहे.